ठक ठक, कुणाच्या घरी?

आमच्या ऑफिसात एक माणूस आहे. कॉम्प्युटरवर एंटरचं बटण दाबायच्या आधी तो टेबलावर बोटाच्या पेरानं दोनदा ठोकतो आणि मोठ्यानं विचारतो, "कुणाच्या घरी?" मग स्वतःच उत्तर देतो, "दातवाल्या डॉक्टरांच्या घरी." आणि मग एंटर दाबतो. दिवसातून तीस-चाळीस वेळा. बंगळुरूच्या इंदिरानगरातल्या एका काचेच्या हॉलमध्ये, जिथे बाकीचे सगळे कानात काहीतरी घालून गप्प बसलेले असतात.

त्यानं एकट्यानंच ठोकलं असतं तर मी काही म्हटलं नसतं. पण तो सगळ्यांना ठोकायला लावतो. पहिल्या दिवशी मी ठोकलं नाही, तर त्यानं माझं लॉगिनच चालू करून दिलं नाही. पुण्यात दहा वर्षं नोकरी केलेली, चौतीस वर्षांची मी, अख्ख्या हॉलसमोर टेबल ठोठावून "लोणचेवाल्यांच्या घरी" असं म्हणाले. तो राग आजही माझ्या पोटात जसाच्या तसा आहे.

त्याला सगळे जयण्णा म्हणतात. त्यामुळे तो कन्नडच असणार असं मी धरून चालले. पहिले तीन आठवडे मी त्याच्या शेजारी बसून बहिणीला फोनवर मराठीत सगळं यथासांग सांगायची. इथे एक टकलू म्हातारा आहे, त्याच्या डोक्यावर परिणाम झालाय, वगैरे. एका दुपारी मी फोन ठेवला आणि तो शांतपणे म्हणाला, "अक्का, म्हातारा म्हटला ते सरी, ठीक. डोक्यावर परिणाम म्हटला तेबी सरी. पन टकलू नको की. स्वल्प केस हायत अजून."

त्याचं खरं नाव जयवंतराव. त्याचे पूर्वज कधीकाळी घोड्यावर बसून इकडे आले आणि परत गेलेच नाहीत. घरात मराठी, बाहेर कन्नड, आणि दोन्हींच्या मध्ये जयण्णा. मी माफी मागितली. त्यानं मान हलवली आणि विचारलं, "आता ठोकनार की न्हाई?"

हे घर-घर काय प्रकरण आहे ते सांगते, नाहीतर मीच वेडी वाटेन. आमची कंपनी वीसेक लहान धंद्यांचे कॉम्प्युटर सांभाळते. दातांचा दवाखाना, दोन शाळा, लोणच्यांचा कारखाना, मल्लेश्वरममधलं एक डायलिसिस केंद्र. हे कॉम्प्युटर त्यांच्या जागेत नसतात. ते क्लाउडवर, म्हणजे कुठल्यातरी लांबच्या गोदामात भाड्यानं घेतलेले असतात आणि आम्ही ब्राउझरमध्ये लॉगिन करून एका पानावरून ते चालवतो. त्या पानाला कन्सोल म्हणतात. तिथून मशीन चालू करता येतं, बंद करता येतं, आणि सगळं पुसूनही टाकता येतं.

गोम अशी की प्रत्येक गिऱ्हाइकाचं कन्सोल दिसायला अगदी सारखं. आणि एकाच ब्राउझरमध्ये एका टॅबवर लोणचं आणि दुसऱ्यावर दवाखाना उघडलात, की ब्राउझर पहिलं लॉगिन गुपचूप विसरतो. दोन्ही टॅब दवाखान्याचे होतात. तुम्ही आपले समजता की मी लोणच्यात आहे. नाव असतं वरच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात. ते कुणी वाचत नाही.

यावर जयण्णानं एक कमांड लिहिली. काळ्या खिडकीत, जिथे माउसचं काही चालत नाही आणि सगळं टाइप करावं लागतं, तिथे एम, ए, एन, ई अशी चार अक्षरं आणि पुढे गिऱ्हाइकाचं नाव लिहायचं. की त्या गिऱ्हाइकापुरती ब्राउझरची एक कोरी खिडकी उघडते. तिला बाकीच्या खिडक्यांची काहीच खबर नसते, तिचं लॉगिन तिच्यापुरतं. भोवती रंगीत पट्टी, डोक्यावर मोठ्या अक्षरात नाव. हे रंगही त्यानं मनानं ठरवले नव्हते. प्रत्येक मालकाला फोन करून विचारलं होतं, तुमच्या घराच्या दाराचा रंग कोणता. लोणचेवाले आधी घाबरले, मग त्यांनी दाराचा फोटो पाठवला.

ती चार अक्षरं मी अर्थातच 'माने' अशी वाचली. आठवडाभर मी या मान्यांना शोधत होते. कंपनीच्या यादीत माने नव्हते. सोडून गेले असावेत, आणि शहाण्या माणसासारखं केलं, असं मला वाटलं. शेवटी मी जयण्णाला विचारलं, "हे माने हल्ली कुठे असतात? मला त्यांना चार शब्द सुनवायचेत." तो इतका हसला की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "माने न्हवे हो अक्का. मने. कन्नडात मने म्हंजे घर."

हसला तेवढाच. एरवी त्याचा जाच अखंड चाले. जेवणाच्या डब्याचा चमचा हातात धरून तो आमच्या पाठीमागून फिरायचा आणि प्रत्येकाच्या खिडकीच्या वरच्या कोपऱ्याकडे बघायचा. कुणी साध्या ब्राउझरमध्ये दोन टॅब उघडलेले दिसले की, "अय्यो, दोन घरची भांडी एका मोरीत." कुणी घाईनं एंटर दाबायला गेलं की, "बेडा बेडा, नको. आधी विचारा, आत कोन हाय." आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्याची खिडकी ठरावीक वेळानं आपोआप बंद व्हायची. तुम्ही कामाच्या मध्यात असा, शेवटच्या ओळीवर असा, तिला काही नाही. "पावन्यानं बसावं, स्वल्प कॉफी घ्यावी, उठावं," असं त्याचं त्यावर म्हणणं.

माझं अर्धवट काम त्या खिडकीनं तीनदा गिळलं. तिसऱ्यांदा मी लॅपटॉप फाडकन मिटला आणि आमच्या मॅनेजरकडे गेले. मॅनेजर विनीत, नागपूरचा. सगळ्यांशी हिंदी बोलतो आणि गोडीगुलाबीनं काही करून घ्यायचं असलं की माझ्याशी मराठी. तो म्हणाला, "मृणाल, तू लेखी दे ना. लेखी असल्याशिवाय वरचे लोक हलत नाहीत."

मी लेखी दिलं. दोन पानं, सात मुद्दे. ठोकण्याचा मुद्दा पहिला. खिडकी तासाभरात बंद होते तो चौथा. रोज सकाळी दहाला तो प्रत्येक गिऱ्हाइकाच्या माहितीची एक प्रत काढून ठेवतो, त्यात वेळेचा अपव्यय होतो, हा पाचवा. शेवटी मागणी केली की ही कमांड बंद करा आणि जयवंतरावांना लॉगिनच्या कामातून काढून कागदपत्रांच्या विभागात द्या. त्या विभागाचा अर्थ ऑफिसात सगळ्यांना माहीत होता. छप्पन वर्षांच्या माणसाला तिकडे पाठवलं की पुढची पायरी म्हणजे नारळ आणि फुलांचा गुच्छ. मलाही ते माहीत होतं. मी तरीही लिहिलं, आणि लिहून झाल्यावर मला बरं वाटलं.

निर्णय होईपर्यंत विनीतनं मला गिऱ्हाइकांचे थेट पासवर्ड दिले. आता काळी खिडकी नको, ठोकणं नको, पट्टी नको. साधा ब्राउझर, हवे तितके टॅब. दोन दिवस मी अगदी सुखात होते.

गुरुवारी दुपारी तीन वाजता माझ्यासमोर दोन टॅब होते. एकात सरावासाठी ठेवलेलं रिकामं खातं, दुसऱ्यात मल्लेश्वरमचं डायलिसिस केंद्र. सरावाच्या खात्यातली जुनी माहिती मला पुसायची होती. नक्की पुसू का, असं कन्सोलनं विचारलं. मी हो म्हटलं. पुसून झाल्यावर माझी नजर वरच्या कोपऱ्याकडे गेली. तिथे डायलिसिस केंद्राचं नाव होतं.

पुढच्या दोन आठवड्यांच्या पेशंटांच्या वेळांची यादी होती ती. कोण, कधी, कुठल्या मशीनवर, सोबत कुठलं औषध. ज्यांना आठवड्यातून तीनदा त्या मशीनला लागावंच लागतं अशी माणसं. त्यांची पाळी चुकली तर उद्या या असं सांगून भागत नाही. मला राग आला की रडू येतं. त्या दिवशी रडूही आलं नाही.

मी विनीतकडे गेले नाही. तो लेखी दे म्हणाला असता. मी जयण्णाकडे गेले. त्यानं ऐकून घेतलं, चष्मा काढला, परत घातला. टेबलावर दोनदा ठोकलं आणि माझ्याकडे न बघता हळूच म्हणाला, "डायलिसिसच्या घरी."

सकाळी दहाची प्रत त्याच्याकडे होती. माझा पाचवा मुद्दा. चाळीस मिनिटांत यादी परत जागेवर आली. सकाळपासून त्यात काही बदल झाले असतील म्हणून त्यानं केंद्रातल्या रिसेप्शनच्या बाईला फोन लावला, कन्नडमध्ये तिच्या मुलाच्या परीक्षेची चौकशी केली, आणि बोलता बोलता दुपारपर्यंतचे पाच बदल काढून घेतले. तिला कशाचा पत्ताही लागला नाही. एकाही पेशंटची पाळी चुकली नाही.

मी सुटकेचा निःश्वास टाकून म्हणाले, "आलं ना सगळं परत. संपलं एकदाचं."

जयण्णा उठून उभा राहिला. "संपलं कसं?" तो ओरडला. "आलं म्हनून संपलं काय? न्हाई आलं म्हंजे काय असतंय, तुला काय ठाव ग?" इतक्या महिन्यांत त्यानं मला पहिल्यांदा 'तू' म्हटलं होतं. सगळ्या हॉलनं माना वळवल्या.

माझंही डोकं फिरलं. "माझ्यावर ओरडायचं काम नाही," मी म्हणाले. "तुमच्या त्या दाराला इतक्या कड्या लावल्या नसत्या, तर मी दुसरीकडून गेलेच नसते."

मला वाटलं आता तो आणखी चढेल. पण तो खाली बसला. म्हणाला, "ते खरं हाय." आणि संध्याकाळपर्यंत त्यानं परत ठोकलंसुद्धा नाही.

शुक्रवारी विनीतनं मला बोलावलं. माझी तक्रार मान्य झाली होती. सोमवारपासून जयण्णा कागदपत्रांकडे, त्याचं काम माझ्याकडे, आणि टीमची प्रमुख म्हणूनही सोमवारी माझंच नाव जाहीर होणार. "जयण्णानं सही केली, काही कुरकुर नाही," विनीत हसत म्हणाला. "उलट म्हणतो, चौथ्या मुद्द्यात चूक आहे. खिडकी तासानं नाही, पन्नास मिनिटांनी बंद होते. दुरुस्त करा, वर कुणी तपासलं तर बाईंची चेष्टा होईल."

गुरुवारचं सांगायची ती वेळ होती. मी सांगितलं नाही. थँक्यू म्हणाले आणि बाहेर आले. आयुष्यात मला स्वतःची इतकी चीड क्वचित आली असेल.

काम ताब्यात घ्यायचं होतं. जयण्णा म्हणाला, "शनवारी मी चामराजपेटेत असतो, रुक्मिनीअक्कांकडं. तितंच या. वही देतो."

मला वाटलं, बहीण असेल. गेले तर एका अरुंद बोळातल्या इमारतीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि सत्तरी उलटलेल्या एक बाई. नात्यागोत्याच्या कुणी नाहीत. जयण्णा खाली चटईवर बसून त्यांना टॅबलेटवर फोटो दाखवत होता. कुणाच्यातरी लग्नातले.

त्यानं मला वही दिली. वीस पानं, प्रत्येक पानावर एक गिऱ्हाईक, दाराचा रंग, आणि खाली दोन ओळी. लोणचेवाल्यांच्या पानावर लिहिलं होतं, आवाज मोठा पण माणूस चांगला, सकाळी अकराच्या आधी फोन करू नये. मी वही मिटून विचारलं, "हे फोटो कुणाचे?"

तेव्हा त्यानं सांगितलं. सात वर्षांपूर्वी इथल्याच एका जुन्या फोटो स्टुडिओचं काम त्याच्याकडे होतं. स्टुडिओवाल्यानं अकरा लग्नांचे फोटो क्लाउडवर ठेवले होते, अल्बम अजून छापायचे होते. आणि जयण्णासमोर, माझ्यासारखेच, एका ब्राउझरमध्ये दोन टॅब होते. तेव्हा सकाळी दहाची प्रत नव्हती. अकरा घरांची लग्नं गेली.

"मग मी घरोघर गेलो," तो म्हणाला. "सांगितलं, मी पुसलं. वऱ्हाडातल्या लोकांच्या फोनमधले फोटो मागून आनले. दहा घरचे अल्बम झाले. ह्यांचा ऱ्हायला."

रुक्मिणीबाईंच्या मुलीचं लग्न होतं ते. लग्नानंतर चार महिन्यांत त्यांचे यजमान गेले. त्यांना फोटोचा भारी तिटकारा, आयुष्यात त्या एका दिवशीच ते पेटा, म्हणजे इकडचा फेटा, बांधून कॅमेऱ्यासमोर उभे राहिले होते. जयण्णानं पाहुण्यांकडून शेकड्यानं फोटो जमवले, पण त्या माणसाचा चेहरा काही सापडेना. एका फोटोत ते पाठमोरे. एका फोटोत हाराआड. एका फोटोत फक्त कोपर, आणि ते कोपर त्यांचंच आहे हे शेरवानीच्या बाहीवरून ठरवलेलं. सात वर्षं, दर शनिवारी.

कॉफीला दूध नव्हतं. जयण्णा किटली घेऊन खाली गेला. रुक्मिणीबाई त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत हळूच म्हणाल्या, "पाप."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आजी, सात वर्षं झाली," मी म्हणाले. "चूक होती ती, पाप नव्हतं. माणसानं किती वर्षं ऐकून घ्यायचं?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग पदर तोंडाला लावून हसल्या. "तसं न्हवे ग बाई. कन्नडात पाप म्हंजे बिच्चारा. आमी हितं तसंच म्हंतो."

मी ओशाळले. त्या उठल्या, कपाट उघडलं आणि साड्यांच्या घडीतून एक फोटो काढून माझ्या हातात दिला. पेटा बांधलेला एक गोल चेहऱ्याचा माणूस, थेट कॅमेऱ्याकडे बघत हसणारा.

"लेकीच्या नणंदेकडं होता, होसूरला," त्या म्हणाल्या. "दोन वर्सं झाली मिळून."

"मग त्यांना सांगितलं का नाही?"

"सांगितलं तर यायचा बंद होईल की. घरी कोन हाय त्याला? लगीन केलं न्हाई. आई होती, तीबी गेली. सनावाराला दार लावून बसतो."

"आणि दर शनिवारी तो इथे मान खाली घालून येतो, त्याचं काय?" माझा आवाज चढला होता. "एक शब्द सांगितलात तर तो मोकळा होईल."

"मान खाली घालून येतो खरा," रुक्मिणीबाई म्हणाल्या, "पन पोटभर जेवून जातो." त्यांनी फोटो माझ्या हातातून घेतला आणि परत साड्यांत ठेवला.

जयण्णा दूध घेऊन आला. कॉफी झाली. त्यानं या आठवड्याचा नवा फोटो दाखवला. पंगतीचा होता, कडेला एक कान आणि अर्धा पेटा. बाईंनी चष्मा लावून बराच वेळ निरखून बघितलं. "कान त्यांचाच हाय," त्या म्हणाल्या. "तोंड न्हाई आलं. अजून बघ रे."

"सरी, अक्का. तुमकूरला त्या लग्नातले आचारी हायत. त्यांच्याकडं बगतो."

मेट्रो स्टेशनपर्यंत आम्ही एकाच रिक्षानं निघालो. वही माझ्या मांडीवर होती. मी फोन काढला आणि विनीतला मेल लिहिली. तक्रार मागे घेते. गुरुवारी डायलिसिस केंद्राची यादी थेट पासवर्ड वापरून मी पुसली. माझ्या पाचव्या मुद्द्यात आहे त्या, जयवंतरावांनी काढलेल्या प्रतीमुळे ती परत आली. त्यांचं काम मी घेणार नाही. जयण्णा शेजारून वाचत होता.

"तुमचं नाव कशाला घातलं?" तो म्हणाला. "नुसतं चूक झाली म्हना."

"कारण मी केलंय," मी खेकसले आणि मेल पाठवून दिली. वही त्याच्या मांडीवर टाकली.

सोमवारी व्हायचं ते झालं. टीमचं प्रमुखपद दुसऱ्याला मिळालं, मला एक कडक पत्र मिळालं, आणि जयण्णा आपल्या जागेवर राहिला. पण ते सोमवारचं. त्या शनिवारी रिक्षात तो वही छातीशी धरून बाहेर बघत होता. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा त्यानं विचारलं, "मी दूध आनायला गेल्तो, तवा अक्का काय म्हनत होत्या?"

मी तोंडावर बोलणारी बाई. त्यापायी मी दोन नोकऱ्या आणि एक मैत्रीण घालवली आहे. मी त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "काही नाही. त्या आचाऱ्याकडे नक्की बघा म्हणाल्या. घाई नाही म्हणाल्या."

त्याचा चेहरा एकदम उजळला. "सरी. तुमकूर म्हंजे दोन शनवार तरी जातील," तो म्हणाला, आणि मग जरा चाचरत, "तुमी येनार काय?"

मला त्याचा, त्या म्हातारीचा आणि माझा स्वतःचा इतका राग आला होता, की मी हो म्हणाले.